दुसऱ्या खोलीतला एसी

शहीद द्वीप (नील बेट), अंदमान
दि. २२ जानेवारी २०२५

सौ. राहीबाई,

महाडच्या तुमच्या विहिणीचा बेटावरून नमस्कार. कापडे गावात सगळे बरे असाल. व्याह्यांचा गुडघा कसा आहे? आम्ही दोघी खुशाल आहोत. फोन सोडून पत्र का, असं वाटेल. इथे रेंज धड नाही, आणि तुमची लेक श्रिया सारखी जवळ असते. चष्मा लावून तुम्हीच वाचा, कोणाला वाचायला देऊ नका.

आधी बेटाचं सांगते. चारही बाजूंनी पाणी म्हटल्यावर मी जरा बिचकलेच. आम्हा महाडकरांना पाणी दिसलं की सामान माळ्यावर चढवायची सवय. पण इथला समुद्र फार गरीब. आज गाडी नाही, घाई नाही, नुसतं चालायचं आणि बघायचं. सकाळी ओहोटीला पाणी इतकं मागे गेलं, की खडकांवरून चालत आम्ही दगडाच्या एका मोठ्या कमानीपर्यंत पोचलो. श्रियाने माझा हात एकदाही सोडला नाही. एका खळग्यात काळं, लांबोडकं काहीतरी पडलं होतं. गाइड म्हणाला, ही समुद्रातली काकडी. मी म्हटलं, हिची कोशिंबीर नको गं बाई. श्रिया इतकी हसली, की किती महिन्यांनी हिला हसताना बघते आहे, असं मनात आलं.

दुपारी नारळपाणी प्यायलो. शहाळी विकणाऱ्या बाईच्या मागेच भाताचं कापलेलं शेत होतं. श्रिया बांधावर उकिडवी बसली, ढेकूळ हातात घेऊन चुरलं आणि म्हणाली, "आमच्याकडे आता वाल फुलले असतील." बराच वेळ उठेना.

आता जे सांगायचं ते सांगते. उगाच काकडी आणि नारळ करत बसले आहे.

दिवाळीत मी तुम्हाला म्हटलं होतं, की आमोद पुण्याहून थेट विमानाने अंदमानला येणार. ही सहल मी त्याच्यासाठीच ठरवली होती. लग्न झाल्यापासून तो पुण्यात आणि बायको महाडला माझ्यापाशी. आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग गणपतीपुरता. म्हटलं, चार दिवस नवराबायको एकत्र राहिली की बोलतील, भांडतील, काहीतरी होईल. म्हणून दोन खोल्या घेतल्या, एक त्यांची, एक माझी. श्रिया रोज रात्री उशी घेऊन माझ्या खोलीत येते. म्हणते, "आई, तिकडचा एसी फार गार आहे."

आज सकाळी आमोदचा फोन आला. तो येणार नाही. इथे नाही आणि महाडलाही नाही. पुण्यात त्याने दुसऱ्या बाईबरोबर घर मांडलं आहे. मी बोलायचं ते सगळं बोलले, रागावले, हात जोडले. दुकानात गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकून घेतात तसं त्याने ऐकून घेतलं. परत येणारा माणूस असा ऐकत नाही, राहीबाई.

श्रियाला सांगायचा धीर झाला नाही. फोन पर्समध्ये टाकला आणि दिवसभर बेट बघत हिंडले. गाइड बिचारा दर ठिकाणी विचारायचा, आजी, दादा कधी येतायत? मी सांगायचे, संध्याकाळच्या बोटीने.

इथे पाच वाजताच सूर्य बुडायला लागतो. आम्ही वाळूत बसलो होतो. कोणी काही विचारलं नव्हतं, तरी मीच म्हटलं, "बोटीला उशीर झालेला दिसतोय."

श्रिया समुद्राकडे बघत म्हणाली, "आई, तो नाय येनार. मला म्हाईत हाय. निघायच्या आदीच सांगितलंन त्यानं."

"मग तू कशाला आलीस?"

"तुमी एवढ्या हौसेनं समदं ठरवलंत. मला नाय म्हनवलं नाय."

लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी महाडचं बोलते. तुमच्याशी फोनवर बोलताना तेवढं कापड्याचं. आज माझ्याशी तसं बोलली. आधी मला बरं वाटलं, वाटलं, ही मला आईच समजते. मग लक्षात आलं, ती मनाने कधीच तुमच्याकडे जाऊन पोचली आहे. मी म्हटलं, "तो नसला तरी तू माझ्यापाशी राहशील?" ती ओढणीने माझ्या पायाची वाळू पुसत राहिली.

आमोदचं दुःख आहेच. पण खरं सांगते, मला रडू आलं ते त्याच्यासाठी नाही. आमचे हे गेल्यापासून त्या घरात संध्याकाळी दिवा लावणारी आणि माझ्याशी बोलणारी तीच आहे. तिला ठेवून घ्यायला माझ्याकडे आता कसलंही नातं उरलं नाही. मुलगाच नाही, तर सून कुठली?

पत्र उद्या पोर्ट ब्लेअरला टाकते, आमच्या आगेमागे पोचेल. मिळालं की ओजसला मुराळी म्हणून पाठवा. आजवर तो बहिणीला न्यायला आला, की मी उंबऱ्यातच विचारायचे, परत कधी आणून सोडणार? या वेळी त्याला चहा देईन, जेवू घालीन, आणि काही विचारणार नाही.

सहीच्या वरचा हा शब्द पुढे लिहायला मिळेल असं वाटत नाही, म्हणून आज लिहून घेते.

तुमची विहीण,
सरोज