डोक्याचं सर्टिफिकेट

१२ नोव्हेंबर
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं न्हाय.
शाळेत पालकांची मीटिंग झाली. मी आया, म्हणून चहा दिऊन भिंतीला उभी. बाहेरनं हेमावती मॅडम आलत्या, मानसतज्ज्ञ. म्हणाल्या, काही पोरांचं लक्ष टिकत न्हाय, एका जागी बसवत न्हाय, वाचताना अक्षरं हलत्यात, गणित डोक्यात शिरत न्हाय. ती पोरं ढ नसतात. तपासणी करायची. निघालं तर सर्टिफिकेट मिळतं, मग दहावीला जास्तीचा वेळ आन गणितात सवलत.
पालकांची तोंडं उतरली. माझं खुललं. हे समदं मलाच हाय की!

१३ नोव्हेंबर
मार्चमधी माझी दहावी. बाहेरनं परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, वय सेहेचाळीस. हेडसर म्हणालेत, मीनाबाई पास झाली तर जूनपासून ऑफिसात शिपाई. न्हाय तर महानंदा. ती दुसरी आया, माझ्याहून बारा वर्षांनी धाकटी, आधीच दहावी पास. बावन्न टक्के. आठवड्यातनं एकदा तरी सांगती.
पुस्तकं ऑगस्टात आणली. उघडली न्हाईत. आधी दुखणं कळू दे, मग अभ्यास. उलटं करून काय उपेग?

१५ नोव्हेंबर
लक्षणं लिहून काढली.
एक, एका जागी बसवत न्हाय. (काल सलग तीन तास सिरियल बघितली. पण ती आडवी पडून.)
दोन, गणिताचं पुस्तक बघितलं की झोप येती. नुसतं कव्हर बघून.
तीन, विसरते. महानंदाच्या नवऱ्याचं नाव कधीच आठवत न्हाय.
चार, सहावीत गुरुजींनीच सांगितलं हुतं, हिला डोकं न्हाय, घरी ठेवा. म्हणून शाळा सुटली. गुरुजी काय खोटं बोलतील?
आमच्या ह्यांना दाखवलं. सिद्रामराव म्हणाले, पाचवं लिही, कुणाचं ऐकत न्हाय. मी ऐकलं न्हाय.

२० नोव्हेंबर
क्लिनिकला गेले. मॅडमनी चाळीस प्रश्नांचा फॉर्म दिला. कधीच न्हाय, कधी कधी, नेहमी. मी समद्याला ‘नेहमी’ केलं आन दोन मिनिटांत परत दिला. मॅडम म्हणाल्या, मीनाताई, तुमी वाचलाच न्हाय. म्हटलं, वाचता आलं असतं तर हितं कशाला आले असते? वर त्यांना सांगितलं, तुमचा बारावा आन एकतिसावा प्रश्न एकच हाय, नुसते शब्द फिरवल्यात.
मॅडमनी फॉर्म बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मग कायतरी लिहिलं.
चांगलंच लिहिलं असणार. म्हंजे वाईट. म्हंजे आपल्याला पायजे तसं.
अजून दोनदा यायचंय. लहानपणी मला बघितलेलं माणूस पण आणायचंय. इतका येळ? आमच्या शाळेत चाळीस पोरांच्या उवा मी एका दुपारात तपासते.

२६ नोव्हेंबर
ठरलं. उद्या समदं हळू करायचं. आपलं खरं दुखणं त्यांना नीट दिसाय पायजे. उगं घाईत झाकलं जाऊ नये.
लेकीला, बुद्धप्रियाला, समोर बसवून सराव केला. ती आकडे सांगती, मी चुकते. लई छान चुकले. प्रिया म्हणाली, आई, हे कॉपी करण्यापेक्षा वाईट हाय. म्हटलं, कॉपी पास व्हायला करत्यात. मी तर नापास व्हायला बघतेय. तिला ते पटंना. कॉलेजात जाती म्हणं.

२७ नोव्हेंबर, दुपारी
पहिलं काम, ठोकळे जुळवून चित्र करायचं. मी हळूच चालले हुते. तर मॅडम घड्याळ धरून बसल्या आन मऊ आवाजात म्हणाल्या, हे बऱ्याच जणांना जमत न्हाय, सोडलं तरी चालेल.
सोडलं तरी चालेल? मला?
लावून टाकलं. पुढचं पण लावलं. मॅडम चित्र बदलस्तोवर थांबवंना, तर मीच पान उलटलं.
मग आकडे उलटे म्हणायचे. सात आकडे. बावीस मास्तरांच्या चहात साखर कुणाला, बिनसाखर कुणाला, हे रोज डोक्यात ठेवते. सात आकड्यांचं काय कवतिक?
मग उतारा वाचायचा. चिमणीची गोष्ट. मी संपवला तरी मॅडम तिसऱ्या ओळीवर बोट ठिवून. म्हटलं, तुमाला चष्मा लागलाय का?
बसमधी ध्यानात आलं. चुकायचं राहूनच गेलं.

४ डिसेंबर
दादाला टेंभुर्णीहून बोलावलं. माझा थोरला भाऊ, यशपाल. स्टँडवरच पढवला. एवढंच सांग, ही लहानपणापास्नं ढ हुती. दादानं मान हलवली.
मॅडमसमोर गेला आन पाणी प्याला. म्हणाला, मॅडम, खोटं बोलवत न्हाय. ही नवव्या वर्षी सबंध वस्तीची पत्रं वाचून दाखवायची. गुरुजी दोनदा घरी आले, पोरीला पाठवा म्हणून. पण आई मजुरीला जायची, धाकटी दोघं सांभाळणार कोण? ही रोज दप्तर घिऊन दारात रडायची. म्हणून मीच सांगितलं, गुरुजी म्हणाले तुला डोकं न्हाय. मग गप झाली.
मॅडम भराभरा लिहाय लागल्या. म्हटलं, हे नका लिहू, ह्यानं केस बिघडती.
बाहेर आल्यावर दादा म्हणाला, मी तवा तेरा वर्षांचा, बरं वाटावं म्हणून बोललो. कुणाला बरं वाटावं?
त्याच्यासाठी भजी घेतली हुती. समदी मीच खाल्ली. एक पण दिलं न्हाय. त्यानं मागितलं पण न्हाय.
पस्तीस वर्षं. मिरची लई तिखट हुती.

१६ डिसेंबर
रिपोर्ट मिळाला. मॅडमच्या हातात हुता तवाच मी टेबलापलीकडनं उलटा वाचून काढला. लक्ष चांगलं. वाचन चांगलं. स्मरणशक्ती उत्तम. अध्ययन अक्षमता न्हाय.
म्हटलं, थोडी तरी? अर्धा तास जास्त मिळंल एवढी?
मॅडम म्हणाल्या, न्हाय ते लिहिता येत न्हाय. शाळा सुटली म्हणून अभ्यास राहिला, एवढंच. शेवटच्या पानावर शिफारस हाय: रोज एक तास अभ्यास.
चार पानं रिपोर्ट आन औषध हे?
सिद्रामरावांनी सबंध गल्लीला सांगितलं, आमच्या बाईचं डोकं चांगलं निघालं, छापून आलंय. संध्याकाळपास्नं तीन बायका रेशनचे फॉर्म भरून घ्याय आल्या.

१७ डिसेंबर
महानंदानं ऐकलंच. डबा खाताना हसत हसत म्हणाली, बरं झालं ताई. पण आता नापास झालात तर काय सांगणार?
डबा अर्धा राहिला.

१८ डिसेंबर, संध्याकाळी साडेपाच
गणित उघडलं. पहिलंच पान. ‘चल’, ‘समीकरण’, असले काय काय शब्द. लई खूश झाले, एक अक्षर कळंना. रिपोर्ट चुकीचा. उद्याच मॅडमना दाखवते म्हटलं.
तेवढ्यात प्रिया शेजारी येऊन बसली. न विचारता सांगाय लागली.
एकदाच सांगितलं तिनं.
कळलं.
खाली तीन गणितं हुती. तिन्ही बरोबर आली.
आता उद्या दुसरं पान करावं लागणार.