उंची ही अँगलची गोष्ट आहे

३ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. आणखी एका स्थळाचा नकार. कारण, उंची. फोटो बघूनच नाय म्हणाले. म्हणजे दोष माझा नाय, फोटोचा. स्टुडिओवाला स्वतः ताडमाड. वरून काढल्यावर कोणीही बुटकाच दिसणार.

४ नोव्हेंबर
यूट्यूबवर फोटोग्राफी शिकलो. व्हिडिओ अर्धाच बघितला, पण मला लगेच कळतं. कॅमेरा खाली ठेवला की माणूस मोठा, वर धरला की लहान. उंची हाडांत नसतेच, अँगलमध्ये असते. जेवताना तात्यांना समजावलं. म्हणाले, "मग ताटात खालून बघ, भाकर मोठी दिसंल." वडिलांना टेक्निकल कळत नाय.

५ ते ८
लिहिलं नाय. तयारी चालू होती.

९ नोव्हेंबर, रविवार
दौलताबादला फोटोशूट. धाकट्या बहिणीला, सोनियाला, पालथं झोपून फोटो काढायला सांगितलं. नाय म्हणाली. चटई देतो म्हणालो, तरी नाय. शेवटी पेरूंवर तयार झाली. वॉचमन पाणी घेऊन पळत आला, त्याला वाटलं पोरीला चक्कर आली.
रिझल्ट जबरदस्त! मागचा चांदमिनार माझ्या खांद्याला लागतोय. आई म्हणाली, "नाकपुड्याच लई दिसायल्यात." त्यालाच पर्सनॅलिटी म्हणतात.

१३ नोव्हेंबर
मामांनी पाचोडचं स्थळ आणलं. मोनिका, शाळेत शिक्षिका. फोटोत अगदी नाजूक, चिमुकली, मान वर करून बघतेय. माझ्यासारख्याला अशीच शोभेल. तिच्या आईला माझा फोटो पसंत. म्हणे, "असाच उंच पायजे होता." मन भरून आलं.
रविवारी येतायत. प्लॅन: पाहुणे अंगणात सतरंजीवर, मी ओट्यावर उभा. शेवटपर्यंत. सोनिया म्हणाली, "दादा, भाषण करायलास का?" दुर्लक्ष केलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
प्लॅन बिघडला. तात्यांमुळं. पाहुण्यांना खाली बसवतात का म्हणून त्यांनी खुर्च्या मांडल्या. तरी मी ओटा सोडला नाय.
मोनिका गाडीतून उतरली. उतरली, आणि नुसती उभी होतच राहिली. मी ओट्यावर, ती अंगणात, आणि नजरेला नजर.
तिचा फोटो भावानं गच्चीवरून काढलेला! तिनंच सांगितलं. उंच म्हणून तिलाही नकार येतात. "तुमचा फोटो बघून वाटलं, चला, एक तरी माणूस आपल्यापेक्षा उंच हाय." मग म्हणाली, "आता खाली या."
आलो. तिच्या खांद्याजवळ थांबलो. आणि ती हसली. चिडून नाय, खरंच हसली. मलाही हसू आलं. पोहे घेताना पुस्तकांवर, शाळेवर बोललो. लई दिवसांनी असं कोणाशी बोललो.
जाताना मी नीट विचार करून, प्रेमानं सांगितलं: लग्नात सपाट चपला घाल, आणि फोटोत गुडघ्यात थोडी वाक, बाकी अँगल मी बघतो. ती मान फिरवून गाडीत जाऊन बसली. लाजली असणार.
जमलं!

१७ नोव्हेंबर
मामांचा फोन. नकार. उंचीचं काहीच म्हणणं नाय म्हणे. मुलगी म्हणाली, आयुष्यभर वाकून राहायला जमणार नाय.
तात्या जेवले नायत. सोनियानं विचारलं, वाईट वाटलं का. म्हणालो, छे, मलाच ती पसंत नव्हती.
सोनिया आत गेल्यावर मात्र वाटलं.