पप्पांच्या जेटीला परवानगी

२ नोव्हेंबर १९८३
ठरलं. खाडीवर पप्पांची जेटी पुन्हा बांधायची, या वेळी दगडी. जुनी लाकडाची होती, कुजून केव्हाच वाहून गेली. रविवारी सगळे तिथे जमायचे. शेजारी, कोळीवाड्यातली माणसं, चहाची किटली, मी आणि प्रेमा पाण्यात पाय सोडून. बोरिवलीत आता कुणी कुणाकडे जात नाही. जेटी झाली की येतील.
जागा दोघी बहिणींच्या नावावर आहे, म्हणजे प्रेमाची सही लागणार. तिला मुलुंडहून बोलवायचं.
संकल्प: कुणावर हात उचलायचा नाही. तशी मी उचलतही नाही.

९ नोव्हेंबर
पहिल्या कचेरीत म्हणाले, भरतीचं पाणी येतं तो समुद्र, आमच्याकडे नाही. दुसऱ्या कचेरीत म्हणाले, ओहोटीत चिखल दिसतो ती जमीन, आमच्याकडे नाही. तिसऱ्या कचेरीतला क्लार्क वर न बघताच म्हणाला, आजी, दिल्लीहून पत्र आलंय, पाण्यापासून पाचशे मीटर काही बांधायचं नाही. जेटी पाण्यापासून पाचशे मीटर लांब कशी बांधतात, असं मी शांतपणे विचारलं. तो हसला. छत्री त्याच्या बोटांवर पडली. शाळेत सिस्टर ॲग्नेसची फुटपट्टी अशीच पडायची, केवढी माया असायची त्यात. क्लार्कलाही जाणवली असावी. अर्ज लगेच घेतला, डाव्या हाताने.

१३ नोव्हेंबर
प्रेमा आली. पोहे केले. जुन्या गोष्टी निघाल्या. म्हणाली, वनू, पप्पा आपल्याला त्या जेटीवरून उचलून फेकायचे, आठवतं का गं? मी म्हटलं, पोहायला शिकवायचे. ती म्हणाली, मी दोनदा बुडाले, तुझ्या हनुवटीला टाके पडले, आणि तुला तीच जेटी परत पाहिजे? मी म्हटलं, मला तर पाणी कोमट होतं एवढंच आठवतं.
मग म्हणाली, तू अगदी पप्पांवर गेलीस. इतकं चांगलं मला आजवर कुणी बोललं नव्हतं.
नंतर किरकोळ ओढाताण. तिचा अंबाडा मुळात सैलच होता. बशी मी तिच्या दिशेने फेकली, तिच्यावर नाही. तरी म्हणाली, घे तुझी सही, मी या घरात पाय ठेवणार नाही. सही केली आणि चपला हातात घेऊनच निघाली. भावना दाटून आल्या असणार.

१८ जानेवारी १९८४
पाहणी. पौर्णिमा मीच मागून घेतली. दिवस शुभ, शिवाय उधाणाची भरती दुपारी येते, पाणी नीट दिसतं. सर्व्हेअर साळवी आले, पायात नवे बूट. बांधाच्या टोकाला उभे राहून म्हणाले, बाई, इथे पाणी गुडघाभरच दिसतंय, होडी लागणार कशी? जेटी बांधून उपयोग काय?
तोंडाने सांगून पुरुषांना पटत नाही. मी खोली दाखवली. पप्पांच्या पद्धतीने, मागून, दोन्ही हातांनी.
धाकूशेट जवळच होडीत होते. मच्छीमार सोसायटीचे चेअरमन, आमच्या जुन्या ओळखीतले. त्यांनी बांबू पुढे केला. साळवी वर आले तेव्हा कपाळ फुटलेलं, एक बूट गेलेला. मी टॉवेल दिला. धाकूशेट म्हणाले, बाय, मानूस मेला असता ना. मी म्हटलं, मेला का?

२ फेब्रुवारी
साळवींच्या अहवालाची नक्कल आली. ‘पाण्याची खोली पुरेशी असल्याची प्रत्यक्ष खात्री केली. फेरपाहणीची आवश्यकता नाही.’ फार सज्जन माणूस.
आता महिनाभर फाटकावर नोटीस. कुणाची हरकत असेल तर कचेरीत कळवावं. कुणाची असणार?

१२ फेब्रुवारी
धाकूशेट दोन माणसं घेऊन आले. आमच्या जाळ्यांचे खुंटे तिथंच हायत, जेटी आली तर आमची वाट लागली, म्हणाले. त्यांचं म्हणणं मला पटलं. चहा टाकला. मग म्हणाले, हरकत लिहून देतो.
वल्हं त्यांचंच होतं. मी फक्त हातात घेतलं. शाळेच्या हॉकी टीममध्ये मी सेंटर हाफ होते, खांदा अजून छान फिरतो. एकाचं नाक, एकाचा गुडघा. धाकूशेटचा हात प्लास्टरमध्ये.
चौकीत बोलावलं. हवालदार म्हणाला, ह्या वयात शोभतं का, आई? धाकूशेटनीच तक्रार मागे घेतली. म्हणाले, नको सायेब, आमाला रोज तिकडनंच जायचंय. याला म्हणतात शेजारधर्म.
संकल्प: पुन्हा तोच. वल्हं परत करायचं.

२६ फेब्रुवारी
शेजारची कुंदा फाटकाशी नोटीस वाचत उभी होती. नुसती वाचत होते, असं नंतर म्हणाली. मी गच्चीवरून कुंडी खाली ठेवत होते. जरा वरून ठेवली गेली. खांद्यावर निभावलं. विचारपूस करायला गेले तर तिचे मिस्टर म्हणाले, वनमालाबाई, तिथूनच बोला. संध्याकाळी त्यांनी मधलं फाटक खिळे ठोकून बंद केलं. चोऱ्या वाढल्यात हल्ली.

२० मार्च
परवानगी आली. ‘मुदतीत कोणीही हरकत घेतलेली नाही.’ वाचून डोळे भरून आले. लोक माझ्यावर इतकं प्रेम करतात हे ठाऊकच नव्हतं.
रविवारी कामाचा नारळ. सगळ्यांना बोलावलं. कोळीवाड्यात निरोप, साळवींना पोस्टकार्ड, कुंदाला कुंपणावरून हाक. प्रेमाकडे फोन केला. तिची सून म्हणाली, आई घरी नाहीत. मागून प्रेमाचा आवाज आला, सांग, गावाला गेली. आवाज अजून लहानपणीसारखाच गोड.

२५ मार्च
सतरंज्या सकाळीच घातल्या. चहा तीस माणसांचा. चारची वेळ दिली होती. पाचला चहा पुन्हा गरम केला. सहाला पुन्हा. कुंदाच्या खिडक्या बंद. होड्या आज पलीकडच्या काठाला लागल्या. मुकादमाने निरोप पाठवला, मजूर यायला तयार नाहीत.
दिवेलागणीला नारळ मीच फोडला. एका घावात दोन सारखी शकलं.
प्रसादाचं खोबरं घ्यायला कुणी नव्हतं. मला चावत नाही.