आरोग्य प्रांताचं, भाषा केंद्राची

व्हाल-सिमॉन, उत्तर ऑन्टारियो
मार्चअखेर

प्रिय गेतां,

आईला निरोप देऊन तू ऑटावाला नीट पोचलास हे तुझ्या हेदरकडून तेव्हाच कळलं. इकडे बर्फ अजून कंबरेएवढा आहे. आईची शवपेटी कबरस्तानाच्या दगडी खोलीतच ठेवलीये. जमीन मऊ झाली की मे महिन्यात पुरू, असं पाद्रीबाबा म्हणाले. तुम्ही सगळे येणार असाल तर मुलांना चिखलात चालतील असे बूट आणायला सांग. गेल्या खेपेला त्यांचे पाय ओलेचिंब झाले आणि कुणाला सांगावं हेही बिचाऱ्यांना कळेना.

चर्चमधलं तुझं भाषण लोकांना आवडलं. आवाज चढवायचा कुठे, थांबायचं कुठे, तुला छान कळतं. एक परिच्छेद इंग्रजीत, एक फ्रेंचमध्ये, पुन्हा इंग्रजीत. माझ्या शेजारी बसलेल्या ल्युसिएन मावशीने माझ्या कानात विचारलं, "मंत्री येणारेत का गं?" मला हसू आलं, आणि त्याच क्षणी तुझा इतका राग आला की मी प्रार्थनेला उभीच राहिले नाही. गुडघा दुखतोय असं सगळ्यांना वाटलं.

राग तुझ्या मुलांवर नाही. नाताळात ती यायची तेव्हा आई आठवडाभर आधी मांसाचं सारण भरलेले तूर्तियेर भाजून ठेवायची. मुलं मुकाट्याने खायची, आई त्यांच्याकडे पाहत हसायची, मुलंही हसायची. तासभर असं नुसतं हसणं. एकदा तुझी मॅडिसन इंग्रजीत काहीतरी लांबलचक बोलली आणि आईने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, तूर्तियेर फार छान झालाय म्हणतेय. खरं तर ती घरी कधी जायचं ते विचारत होती. तू समोरच बसला होतास. तू ताटातून मान वर केली नाहीस.

बाबा असते तर काय म्हणाले असते, कोण जाणे. कागद गिरणीत त्यांचं एउक्लिद हे नाव 'क्लाइड' झालं. मुकादमाला ते नाव जिभेवर घ्यायचं नव्हतं. बाबा कुणा मित्राशी आपल्या भाषेत बोलताना दिसले की तो ओरडायचा, "माणसांच्या भाषेत बोला." घरी आल्यावर बाबा हात धुवायचे आणि आपल्याला पाढे म्हणायला लावायचे, फ्रेंचमधून. पोस्टावर दोन्ही भाषांतली पाटी लागली तेव्हा ते आपल्याला रविवारचे कपडे घालून ती दाखवायला घेऊन गेले. तुला आठवणार नाही, तू त्यांच्या खांद्यावर होतास. पाटी वाचून झाल्यावर ते म्हणाले, "आता हा देश आपलाही." तुला पुढे सरकारच्या भाषा खात्यात नोकरी लागली, तेव्हा आईने तुझा फोटो त्यांच्या फोटोशेजारी टांगला. दोन्ही भाषा सफाईने येतात म्हणूनच घेतलं होतं ना तुला?

आईचं तुला तुकड्यातुकड्यांत सांगितलंय. आता सलग सांगते. ती पडली, खुब्याचं हाड मोडलं, इस्पितळातून सुटी झाली. आपल्या गावच्या वृद्धाश्रमात जागा नव्हती, म्हणून दोन तासांवरच्या शहरात पाठवलं. फाटकावर 'बोंजूर' आणि 'हॅलो' एकाच आकाराच्या अक्षरांत होतं. आत 'बोंजूर'च्या पुढचं कुणाला येत नव्हतं. मी व्यवस्थापिकेला विचारलं. ती म्हणाली, द्विभाषक परिचारिकेची जागा मंजूर आहे, फक्त माणूस मिळालेला नाही. वरच्या अहवालात मात्र जागा मंजूर असली की सेवा उपलब्ध अशी खूण होते. हे तुझ्याच खात्याच्या माणसाने मला फोनवर समजावून सांगितलं, मोठ्या आदराने.

आईला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. गिरणीच्या दुकानात तिने वर्षानुवर्षं त्यावर काम भागवलं होतं. पण म्हातारपणी जे शेवटी शिकलेलं ते आधी गेलं. उरली ती तिच्या आईची भाषा. जानेवारीत वादळं झाली, महामार्ग सारखा बंद, मला सलग काही रविवार जाता आलं नाही. फोन तिला धरता येत नसे. रस्ता उघडल्यावर गेले तर ती खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत, चेहरा राखेसारखा. मला पाहताच म्हणाली, "माल, रोलांद. माल."

तुला अर्थ सांगायची वेळ आली नसावी. दुखतंय. तिथली परिचारिका मारिसेल, फिलिपिन्सची, जीव लावून काम करणारी पोर, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "आजी रोज हेच म्हणतात. त्यांना मॉलमध्ये जायचंय. मी सांगते, आज मॉल बंद आहे आजी, उद्या जाऊ." मग आई रडायची, म्हणून शांत झोपेची गोळी सुरू केली होती. मी त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर मारिसेल तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. तिला दोष देऊन काय करू? ती स्वतःची भाषा सोडून आलीये, दुसरी शिकलीये, आणि तिसरी तिला कुणी शिकवली नाही.

आतड्याला पीळ पडला होता. डॉक्टर म्हणाले, आधी कळलं असतं तर… दुसऱ्या रात्री ती गेली.

मी तुला फोन केला तेव्हा तू ऐकून घेतलंस आणि मग म्हणालास, "रोलांद, आरोग्य प्रांताचं आहे. भाषा केंद्राची. आमचा हात तिथवर पोचत नाही." मी विचारलं, "मग आई कोणाची?" तू म्हणालास, मीटिंग सुरू होतेय. प्रांतालाही मी कळवलं. त्यांनी उत्तर दिलं की भाषेचा निधी ऑटावाहून येतो. त्या दिवशी मला हा देश पहिल्यांदा नीट समजला. बाबांना पोस्टाच्या पाटीवर समजला त्यापेक्षा जास्त.

आता हे पत्र का, ते. संसदेची भाषा समिती पुढच्या महिन्यात इकडे टिमिन्सला येतेय आणि मला आईबद्दल बोलायला बोलावलंय. तुला ते माझ्या आधी कळलं होतं, म्हणूनच गुरुवारी तुझा फोन आला. दफनाची तारीख विचारायला असेल असं मला वाटलं होतं. तू म्हणालास, लेखी दे, बोलू नकोस. दोन भाषांचा खर्च वायाच जातो म्हणणाऱ्यांच्या हातात कोलीत मिळेल, आणि आहे तेवढंही जाईल. मी तीन रात्री विचार केला. तू खोटं बोलत नव्हतास, हे मला कळतं. कदाचित तुझंच खरं ठरेल. तरी मी जाणार आहे. खात्याच्या बाजूने तू समोर बसणार आहेस, तेव्हा ते तुला तिथे अचानक कळू नये म्हणून लिहिलं. मी आपल्या भाषेत बोलणार आहे. खुर्चीखुर्चीवर दुभाष्याचं यंत्र ठेवलेलं असतं म्हणे. तुझ्या शेजारचे सगळे ते कानाला लावतील, गेतां. तू लावू नकोस.

तुझीच थोरली,
रोलांद