माझ्या डोळ्यातला दुर्मिळ जंतू

ती. दादास,

वाकायला डॉक्टरांची सक्त मनाई असल्यामुळे साष्टांग नमस्काराऐवजी उभ्याउभ्याच नमस्कार. तुझे गुडघे आणि वहिनींचा खोकला कसा आहे?

आम्ही खुशाल आहोत असं लिहायचा रिवाज आहे, पण मी खुशाल नाही, संतापलेलो आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं. पट्टी काढल्यावर मनगटावरचा सेकंदकाटा इतका स्वच्छ दिसला, की मी लगेच दुकान उघडायच्या गोष्टी करू लागलो. तेवढ्यात डोळा लालभडक झाला, भिंतीवर डोकं आपटावं असा ठणका लागला, आणि समोर नुसतं धुकं. डॉक्टरीणबाईंनी तडकाफडकी डोळ्यात सुई घालून (होय, डोळ्यातच! वाचताना तूही डोळे मिटलेस ना?) आतलं पाणी तपासायला काढलं आणि औषध सोडलं.

तपासणीत निघाला एक जंतू. तोही साधासुधा नव्हे. मातीत राहणारा, माणसाच्या डोळ्याकडे सहसा न फिरकणारा. बाईंनी विचारलं, "बागकाम करता का?" अरे, मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, माझ्या घरात साधी कुंडी नाही! त्यांनी ऑपरेशनची खोली बंद ठेवून कानाकोपरा तपासला, तरी हा आला कुठून ते कळेना. मग लागली रीघ. मोठे डॉक्टर, शिकाऊ डॉक्टर, सगळे दिवा घेऊन माझ्या डोळ्यात डोकावणार आणि म्हणणार, "वा! फारच दुर्मिळ!" दुखतंय का, असं कुणी विचारील तर शपथ! उभ्या जन्मात मला कुणी दुर्मिळ म्हटलं नाही, आणि या टिचभर जंतूचं केवढं कौतुक! हिच्याकडे तक्रार केली, तर म्हणते, "चला, तुमच्यातलं काहीतरी कुणाला आवडलं." (लग्न झाल्यापासून हिने माझं नाव घेतलेलं नाही, जंतूचं मात्र शेजारणींना न अडखळता सांगते.)

सुया, थेंब, गोळ्या यांत महिने गेले. जंतू मेला, डोळा वाचला, नजर मात्र अर्धीमुर्धीच परतली. भिंतीवरचं घड्याळ दिसतं, मनगटावरचं दिसत नाही. त्या दवाखान्याची पायरी मी पुन्हा चढणार नाही, हे तुला लेखी देतो.

तुझा धाकटा

ता.क. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. त्याच बाईंकडे. जमलं तर येऊन जा. तसं खास काही काम नाही.

आणखी ता.क. भाऊजी, पाकीट चिकटवण्याआधी या दोन ओळी माझ्या. बाई सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन यांच्या उशाशी बसत होत्या, म्हणून डोळा वाचला. तुम्ही मात्र नक्की या. माझा हात धरून बसले की मलाच दटावतात, "किती थरथरतेस!" थरथरतो तो माझा हात नव्हे.