धुरा किती उरला?

प्रिय पाव्हणे,

तुमचं खरं नाव आमच्या घरात कुणालाच धड उच्चारता आलं नाही, म्हणून बाबांनी ठेवलेल्या नावानंच हाक मारतो. तुम्ही गेल्याचं बीजिंगहून तुमच्या एका विद्यार्थिनीनं कळवलं. काल दुपारी जेवून पडलो, डोळा लागला, तर तुम्ही आमच्या शेतात! बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तुरीच्या पिवळ्या फुलांमधून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत चाललेले. जागा झालो आणि आठवलं, तो धुरा आता नाहीच. मग तुम्ही चालत होता कशावरून? म्हणून हे पत्र.

दिल्लीत तुम्ही वर्षभर शिकवायला आला होतात, मी तुमचा विद्यार्थी. भारताची सीमा बघायची म्हणून अर्ज केलात, तो कुठल्या टेबलावर झोपी गेला कोण जाणे. मी म्हटलं, "सर, सीमाच बघायची तर केनवडला चला. आमच्या शेतात आहे एक." थट्टा होती हो! दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पिशवी भरून उभे!

आमच्या आणि महादेवभाऊंच्या शेतामधला तो धुरा म्हणजे दोघांची सामायिक वाट. बाबा दरवर्षी नांगरताना त्यातला एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, हळूच आपल्याकडे ओढायचे. महादेवभाऊ पलीकडून तेच. एकेकाळी बैलगाडी जायची तिथं माणसाला तोल सांभाळावा लागे. वांग्याची पाटी डोक्यावर घेऊन दोघेही लांबच्या वाटेनं वळसा घालत आणि एकमेकांना शिव्या देत.

"याले पूस," बाबा मला म्हणाले, "तुमच्या मुलखात बी असे चोट्टे शेजारी असतात काय?"

दुभाष्या मी. 'चोट्टे' गाळलं, 'शेजारी' तेवढं पोचवलं. शब्द गाळल्याचं तुम्हाला कळलंच. म्हणालात, परराष्ट्र खात्यातली अर्धी नोकरी हीच असते!

मग उठून पलीकडे गेलात, महादेवभाऊंजवळ बसलात आणि तिथून बाबांकडे बराच वेळ बघत राहिलात. परत येऊन एवढंच बोललात, "तिकडून तुम्ही फार मोठे दिसता." बाबा खूश! "पाह्यलं? पावन्याले कळते." तुम्ही महादेवभाऊंच्या भीतीबद्दल बोलत होता, हे त्यांना शेवटपर्यंत उमगलं नाही. मलाही तेव्हा नाही.

त्या तीन दिवसांतून तुमचं पुस्तक निघालं. बलाढ्य देशानं शेजाऱ्याच्या बाजूला बसून स्वतःकडे बघावं, मधली वाट कोरू नये, एवढा साधा विचार. काही वर्षं तिकडच्या परराष्ट्र खात्यातली तरुण मंडळी तुमच्या वर्गात येऊन बसायची. तुमच्या टिपणांतली वाक्यं मोठ्या नेत्यांच्या भाषणांत जायची. आणि 'धुरा' हा शब्द त्या चिनी पुस्तकात तुम्ही तसाच ठेवलात! बीजिंगमधल्या धुकट सकाळी कुणी तरी फळ्यावर आमचा धुरा लिहितंय, हे चित्र मी डोळे मिटून किती वेळा पाहिलं असेल!

पुढे तिथेही छाती फुगवून बोलणाऱ्यांचे दिवस आले. वाक्यं राहिली, तुम्हाला बोलावणं बंद झालं. तुम्ही मुकाट शिकवत राहिलात. अहो, एकदा तरी चिडायचंत!

माझ्यावर तरी चिडायचंत. सीमेवर ताण वाढला, इकडे लोक तापले आणि मी, पेपरात लोकांची टोपी उडवणारा शूर वीर, लेख लिहिला. एक अनवाणी चिनी प्राध्यापक केनवडला येऊन आमचा धुरा पावलांनी मोजून गेला, चोर कुठला! लोक पोट धरून हसले. रिसोडला शाल-नारळ मिळालं. लेख तुमच्यापर्यंत पोचला आणि तुमचं उत्तर आलं, "माझे पाय छान रंगवलेत. महादेवभाऊ कसे आहेत? धुरा किती उरला?"

मी उत्तर दिलं नाही. काय देणार? बाबांच्या मागे मी शेतात ट्रॅक्टर घातला आणि शेवटचा तास मीच ओढला. तुमच्यावर हसलो त्याच वर्षी. तेव्हापासून महादेवभाऊ माझ्याशी बोलत नव्हते.

आज सकाळी त्यांच्याकडे गेलो. बाजेवर बसून सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते.

"भाऊ, आपला पावना गेला."

"कोन, थो चिनी?" हात थांबले. "तू तं त्याले चोर म्हनला होता पेपरात."

"हो."

"माया बाजूले येऊन बसला होता थो. तुह्या बापानं जिंदगीत पाय नाही ठेवला इकडं." मग जुडीकडे बघत, "बस मंग. उभा काहून हायेस?"

बसलो. तिथून आमचं शेत पाहिलं. पाव्हणे, आम्ही खरंच फार मोठे दिसतो हो.

तर शब्द देतो. येत्या नांगरणीला माझा ट्रॅक्टर एक तास अलीकडूनच वळेल. पुढल्या वर्षी आणखी एक. महादेवभाऊंनीही तसंच करावं, अशी अट नाही. आणि हे पत्र त्याच पेपरात छापायला देतो. शाल परत मागितली तर देईन, नारळाची चटणी झाली.

धुरा किती उरला, विचारलंत ना? आज काहीच नाही. उन्हाळ्यात अनवाणी पावलापुरता असेल. तोवर एखाद्या दुपारी पुन्हा आलात, तर आमच्या बाजूनं चाला. तुरीची चार झाडं मोडली तरी चालतील.

तुमचा,
'चोट्टे' गाळणारा दुभाष्या
केनवड