बाराव्या हातमोज्याची शिवण

चार नाताळ झाले, तुझ्याकडून येतं ते नुसतं कार्ड, आणि तेही झिल्केच्या अक्षरात. बायको केली आहेस की कारकून? ज्या हातांनी सव्वासात किलोचा हातोडा एकोणऐंशी मीटरवर भिरकावला, त्यांना पेन जड झालं म्हणायचं.

प्रिय हेनिंग,

इथे सगळं तसंच आहे. समोरची रोझविटा गेली. तिच्या खिडकीत आता कुणी बसत नाही, म्हणजे मीही कुणाला दिसत नाही. बटाटे उकडायला घेते तर हात अजून दोघांचे घेतो. मैदानामागच्या कुरणात तू पाडलेले खड्डे तसेच आहेत. फुटबॉलवाला काले परवा बेकरीत म्हणाला, "ओमा, तुमच्या नातवाच्या खड्ड्यात माझा घोटा मुरगळला." मी म्हटलं, "चेंडू कधी सापडत नाही तुझ्या पायाला, खड्डा बरा सापडला!"

चौदाव्या वर्षी तू तारेला बांधलेला तो लोखंडी गोळा पहिल्यांदा गरगर फिरवलास आणि बोटं सोलून घरी आलास. आजोबांचा लोहारकामाचा कातडी एप्रन कापून मी हातमोजा शिवला, डाव्या हाताचा, बोटांची टोकं उघडी. तुला फेक शिकवणारे वुट्के मास्तर हसले, "आजीबाई, हे दुकानात मिळतात." मिळेनात का! तुझं कांस्यपदक आलं तेव्हा हातात माझाच होता. सतरा वर्षांत अकरा शिवले.

बारावा तुझ्या शेवटच्या स्पर्धेसाठी. तिन्ही फेकी मैदानात न जाता तुझ्या भोवतीच्या पिंजऱ्याच्या जाळीत. टीव्हीवरचा तो शहाणा म्हणाला, "दडपणाखाली कोलमडला." तूही तेच धरून बसलास. बॅग माझ्या जिन्याखाली टाकलीस, खेळ सोडलास आणि इथे येणंही. पोराला लाज वाटते, असं मी रोझविटाला सांगायचे. लाज कुणाला वाटत होती ते तिला कुठे ठाऊक!

तो हातमोजा शिवताना मला सुईचं नेढं दिसत नव्हतं. चाचपून दोरा ओवला. आतली शिवण सपाट हवी, ती दुहेरी बसली, आणि तीही हातोड्याची मूठ जिथे टेकते नेमकी तिथे. माझ्या अंगठ्याला टोचली होती, म्हणजे कळलं नव्हतं असं नाही. उसवायला हवी होती. पण उसवली असती तर डोळे गेले हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग तुझ्या हातात दुकानातला आला असता. तू कोलमडला नाहीस, हेनिंग. माझी शिवण आडवी आली.

हे माझ्याबरोबरच मातीत जायचं होतं. पण गेल्या आठवड्यात जिन्याखाली साफसफाई करताना तुझी बॅग उघडली. तळाशी दुकानातला हातमोजा, कोरा, किमतीच्या चिठ्ठीसकट. म्हणजे त्या दिवशी तो तुझ्याजवळ होता. पहिली फेक जाळीत गेली, दुसरी गेली, तरी तू माझा काढला नाहीस. का? डॉक्टरीण म्हणते, उरलेला डोळा उन्हाळ्यापर्यंत चालेल. तोवर उत्तर येऊ दे, मोठ्या अक्षरात. आणि तू लिहायचं. झिल्केने नाही.

तुझीच,
ओमा